आरशावरचा टॉवेल

३ मार्च

मामा,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी मामीला हाक मारशील आणि म्हणशील, अगं, पोरीला काही झालं की काय, हल्ली पत्र कोण लिहितं. तर काही झालेलं नाही. म्हणजे नेहमीचंच झालंय. काल पहिल्याच फेरीत हरले.

फोन बंद करून मोज्यांच्या पिशवीत तळाशी टाकलाय. गेल्या जूनमध्ये मी टेनिसचा तो मोठा कप जिंकला तेव्हा ज्या लोकांनी "आमची पोरगी, आमची पोरगी" लिहून डोकं उठवलं होतं, तेच आता "चार दिवसांचं कौतुक होतं" असं लिहितात. आणि मी मूर्खासारखी सगळं वाचत बसते, जेवताना, दात घासताना. कोचबाईंनी फर्मान काढलं, फोन नको. तुझ्याशी फोनवर बोलण्यात तसाही अर्थ नसतो. ड्रायरच्या घरघरीत तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ लावायचा म्हटलं की तुझा कॅमेरा बिघडलेला. किती महिने बिघडलाय तो? म्हणून कागद.

कालच्या सामन्याचं फार सांगण्यासारखं नाही. समोर होती तिला दोन मुलं आहेत. ती मधूनमधून त्यांना हात करत होती आणि मधूनमधून मला हरवत होती. मी सर्व्हिस करायला चेंडू उडवायचे आणि तो खाली यायच्या आत माझ्या मनात येऊन जायचं की हा नेटमध्ये जाणार. जायचाच.

पण खरी गंमत पुढे आहे. हॉटेलच्या जेवणघरात टीव्ही चालू होता आणि त्यात आपली गल्ली. "हरवलेल्या विजेतीच्या गावात" का असलं काहीतरी. तुझ्या दुकानात उभा राहून समोरचा शिंपी गळ्यात टेप घालून मुलाखत देत होता, जणू रॅकेट धरायला मला त्यानेच शिकवलं. तू कुठेच दिसला नाहीस. पण मागे तुझ्या खुर्चीत एक दाढीवाला बाबा बसला होता, केस कॉलरवर, दाढी छातीपर्यंत, तोंडापुढे पेपर. तो कोण रे? त्याला सोडू नकोस. असलं डोकं तुझ्या कात्रीला रोज रोज मिळायचं नाही.

आता कामाचं. जूनमध्ये तीच स्पर्धा पुन्हा आहे. पहिल्या दिवशी, पहिला सामना, सगळ्यात मोठ्या कोर्टावर, गतविजेतीचा. म्हणजे माझा. बाकी कुठे हरले तर चालेल मामा, पण तिथे पहिल्याच दिवशी हरले तर ते सगळे म्हणतात ते खरं ठरेल. नाव मेअखेरपर्यंत द्यायचंय. मला वाटतं देऊच नये. खांदा दुखतो म्हणून सांगावं. तुला काय वाटतं?

तुझी
भिंगरी


१२ मार्च

भिंगरीबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा हेडमास्तरांच्या अर्ध्या गालाला फेस होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शाळेची घंटा होणार असल्यासारखे ते रोज दाढीला येतात, तुला माहीतच आहे. फेस तसाच ठेवून त्यांनी मला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. मी मामीला हाक मारणार हे तू बरोबर ओळखलंस म्हणून तुला दहापैकी नऊ मार्क दिलेत. दहा ते कोणाला देत नाहीत.

त्या दाढीवाल्याचं म्हणशील तर ते एक गिऱ्हाईक आहे. जरा हट्टी. रोज येतात, बसतात, पेपर वाचतात. कात्री लावू देत नाहीत. गिऱ्हाइकाच्या मर्जीपुढे आपलं काय चालणार? विषय संपला.

खांद्याचं मला सांगू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. तुझी आई हॉस्पिटलात पाळीवर असायची आणि तू आमच्याकडे. शाळेतून आलीस की दप्तर भिरकावून दुकानाच्या मागच्या भिंतीवर चेंडू बडवायचीस. प्रत्येक ठप्पला आत आरसा हलायचा. पहिल्या आठवड्यात मी तिघांचे कल्ले वरखाली केले. मग शिकलो, ठप् झालं की कात्री उचलायची, मधल्या वेळात कापायचं. तू अकादमीत गेलीस त्यानंतर कितीतरी दिवस माझा हात उगाचच मध्येच थांबायचा. त्या खांद्याला काय झालं असेल तर आधी माझ्या हाताला कळेल.

आपल्या दुकानाचा नियम आठव. कात्री चालू असेपर्यंत आरशावर टॉवेल. लोक हसतात, न्यूटन लागून गेलाय म्हणतात, पण माझ्या वडिलांनी तो नियम उगाच नव्हता केला. एका गिऱ्हाइकाने अर्ध्यात आरशात बघितलं, किंचाळून उठलं आणि तसंच पळालं, गळ्याभोवतीच्या कापडासकट. पुन्हा ना गिऱ्हाईक आलं ना कापड. अर्ध्या कापलेल्या डोक्याने राजासुद्धा चोर दिसतो. काम संपवायचं, टॉवेल ओढायचा आणि मग म्हणायचं, बघा आता. तू फोन मोज्यांत टाकलास ते फार बरं केलंस.

आणि जूनसाठी नाव दे. हरलीस तर हरलीस. तुझ्या कपात सध्या मामीचे चमचे आहेत, ते काही उठून जाणार नाहीत.

मामा

मामीकडून दोन ओळी: माझा शाम्पू इतक्या लवकर कसा संपतो ते तुझ्या मामांना विचार. मला सांगत नाहीत.


२ एप्रिल

मामा,

पुन्हा हरले. पण या वेळी पहिला सेट जिंकला होता, हे हेडमास्तरांना सांग. अर्धा मार्क तरी पडेल.

खांद्याचं नाटक कोचबाईंसमोर करून बघितलं. त्यांनी चेहराही न हलवता डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने खांदा दाबला, फिरवला, ओढला आणि म्हणाला, या खांद्यावर कपाट ठेवलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी कोचबाईंनी दुप्पट सर्व्हिस करून घेतल्या. आता खरंच दुखतोय.

टॉवेलचं मी तीनदा वाचलं. मामा, हल्ली प्रत्येक कोर्टावर मोठा पडदा असतो. मी चेंडू मारते आणि लगेच तिकडे बघते, कशी दिसले. केस विस्कटलेत का, चेहरा घाबरलेला दिसतोय का. गेल्या वर्षी मी कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, मी नुसती खेळत होते आणि कप हातात आला तेव्हा मलाच नवल वाटलं. आता मी खेळत नाही, मला खेळताना बघत असते. आणि जे दिसतं ते मला आवडत नाही. त्या भल्यामोठ्या आरशावर मी टॉवेल कुठून टाकू?

तू झटक्यात लिहून मोकळा झालास, नाव दे म्हणून. तुझं काय जातंय रे बोलायला? लोकांसमोर तोंडावर आपटायचं मी.

त्या हट्टी गिऱ्हाइकासाठी एक युक्ती सुचलीय. खुर्ची मागे कलती कर, तोंडावर गरम टॉवेल टाक, झोप लागली की कात्री चालव. उठेपर्यंत माणसात आलेला असेल.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगे,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय, तेव्हा वाचून फाडून टाक. "तुझं काय जातंय रे बोलायला" हे तुझं वाक्य ह्यांनी दोनदा वाचलं, हेडमास्तरांना अर्ध्या दाढीवर सोडून आत येऊन बसले आणि चहा नको म्हणाले. तुझे मामा चहाला नाही म्हणाले म्हणजे काय ते मी तुला वेगळं सांगायला नको. म्हणून सांगते त्यांचं काय जातंय ते.

तो टीव्हीवरचा दाढीवाला बाबा म्हणजे तुझे मामा.

हसून घे. मी थांबते.

झालं असं की कप आणल्यावर पुढच्याच महिन्यात तू हरलीस, तेव्हा शिंपी दुकानात बसला होता. तो म्हणाला, एकदा लागला मटका, आता पोरगी संपली. हातात वस्तरा असताना ह्यांनी रागावू नये असं मी लग्न झाल्यापासून सांगतेय. उचलली जीभ लावली टाळ्याला. भरल्या दुकानात म्हणाले, माझी भाची पुढचा सामना जिंकत नाही तोवर माझ्या केसांना कात्री नाही आणि दाढीला वस्तरा नाही. त्यांना वाटलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग तुझा घोटा मुरगळला, मग थंडी गेली, मग तू एकेक स्पर्धा हरत गेलीस आणि इकडे जंगल माजत गेलं.

आता केस डोळ्यांवर येतात म्हणून माझ्या पिना लावून लोकांचे केस कापतात. दाढी गिऱ्हाइकाच्या मानेला गुदगुल्या करते म्हणून ती शर्टात खोचतात. नवीन माणूस दारात येतो, ह्यांना बघतो आणि पुढच्या गल्लीतल्या सलूनची वाट धरतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे वस्तरा घेऊन उभा असतो. टीव्हीवाले आले तेव्हा पळायला जागा नव्हती, म्हणून खुर्चीत बसून गिऱ्हाईक झाले.

मी म्हटलं, अहो, कापून टाका, कोण बघायला बसलंय. तर म्हणाले, "मी कापले म्हणजे पोरगी संपली असं मीच म्हणालो."

तू जिंकावंस म्हणून हे लिहीत नाही हो. त्यांचं काय जातंय ते तुला कळावं आणि जरा हसू यावं, एवढ्यासाठीच. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर माझ्या पिना मला परत मिळणार नाहीत.

मामी


१६ एप्रिल

मामी,

मी जेवणघरात सगळ्यांसमोर इतकी हसले की कोचबाईंनी पाठीत धपाटा घातला, त्यांना वाटलं घास अडकला. दाढी शर्टात खोचतात इथे तर मी टेबलाखाली गेले. मग खोलीत येऊन पुन्हा वाचलं, "पोरगी संपली असं मीच म्हणालो" इथपर्यंत आले आणि रडू आलं.

आता मी ठरवलंय. मेच्या सुरुवातीला एक छोटी स्पर्धा आहे, तिथे खेळते. मला कप नको, फायनल नको. एक सामना. मामाच्या डोक्यासाठी एकच सामना जिंकायचा. एवढं तर मला जमायलाच पाहिजे.

भिंगरी


८ मे

भिंगरे,

तू हरलीस त्याचं मला काही नाही. शेवटच्या सेटमध्ये पाच-दोन पुढे होतीस आणि तिथून हरलीस, त्याचंही नाही. पण हरल्यावर कॅमेऱ्याकडे बघून तू "सॉरी मामा" म्हणालीस ना, ते मी दुकानात चार माणसांत ऐकलं.

मी मामीकडे बघितलं. मामी छताकडे बघायला लागली. तेव्हा कळलं. घरच्या माणसानेच केसाने गळा कापला, तोही माझ्याच केसाने. तिला मी फार बोललो नाही. पैज माझीच होती.

तू शेवटचे गेम कसे खेळत होतीस सांगू? काचेचे पेले भरलेला ट्रे घेऊन कोणी जिना चढावा तशी. आधी तुझ्या डोक्यावर तुझा कप होता, त्यावर मी माझे केस नेऊन ठेवले. मला वाटत होतं मी तुझ्या बाजूने उभा आहे. पोरी, मला फार वाईट वाटतंय.

माझ्यासाठी खेळू नकोस. माझ्या केसांसाठी तर मुळीच नको. पण आता कापायला बसावं तर कसं, अख्खी गल्ली साक्षीला आहे, आणि या वेळी कापले तर तू काय समजशील तेही कळत नाही. दोन्हीकडून अडकलोय. जूनचं मी आता सांगणार नाही. नाव दे किंवा नको देऊ, तुझं तू ठरव.

मामा


१४ मे

मामा,

रविवारी येतेय. दुकान उघडं ठेव पण गिऱ्हाईक घेऊ नकोस. शिंपी आणि हेडमास्तर दोघांनाही बोलावून ठेव. मोठी कात्री आणि छोटी कात्री, दोन्हींना धार लावून ठेव. का ते विचारू नकोस. मामीला सांग, तिच्या पिना परत मिळणार आहेत.

भिंगरी


२६ मे

भिंगरीताई, केशकर्तनालयाच्या नव्या मालकीणबाई,

तू गेल्यापासून मी रोज आरशात बघतो आणि रोज नव्याने दचकतो. दाढी गेली. डावा कल्ला कानाच्या मध्यावर आहे, उजवा दिसतच नाही. मागे मानेवर तू पायऱ्या काढल्यास, त्यावरून मुंगीसुद्धा दमून चढेल. शिंपी तिसऱ्या दिवशी येऊन, मान निरखून म्हणाला, कापड असतं तर मी भरपाई दिली असती.

खुर्चीत बसण्याआधी मी तुला म्हणालो होतो, अजून तू जिंकली नाहीस, मी बसणार नाही. तेव्हा तू कापड झटकत जे बोललीस ते इथे गल्लीत अजून सगळे एकमेकांना सांगतात. "तू मला न विचारता माझ्यावर पैज लावलीस. आता मी तुला न विचारता कापते." हेडमास्तरांनी वहीशिवाय, हवेतच तुला दहा मार्क दिले. आयुष्यात पहिल्यांदा दिले असं स्वतःच म्हणाले.

तुला माहीत नाही ते सांगतो. तू आरशावर टॉवेल टाकलास आणि मी त्या टॉवेलकडे बघत बसलो. इतकी वर्षं लोकांना तिथे बसवलं, पण त्या टॉवेलसमोर बसून काय वाटतं ते मला माहीत नव्हतं. काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बिघडलंय हे मला पहिल्या पाचदहा कात्र्यांतच कळलं, मानेला भलत्याच ठिकाणी गार वारा लागायला लागला. तुलाही कळलं होतं, कारण तू हळूच "अरे देवा" म्हणालीस. पण तू थांबली नाहीस. आणि शीळही थांबली नाही.

तू शीळ घालत होतीस, तुझ्या लक्षात तरी आलं का? लहानपणी भिंतीवर चेंडू मारताना घालायचीस तीच. चेंडू गटारात गेला तरी घालायचीस, पत्र्यावर गेला तरी घालायचीस. मी वर्षभर टीव्हीवर तुझे सामने बघितले, पण तू शीळ घालतेयस असं तोंड एकदाही दिसलं नव्हतं. माझ्या डोक्याचं वाटोळं करताना दिसलं, म्हणजे ऐकू आलं. मला रडू आलं, भिंगे. टॉवेल होता म्हणून तुला कळलं नाही.

मग तू टॉवेल ओढलास आणि म्हणालीस, बघ आता. पुढचं तुला ठाऊकच आहे. मामी जमिनीवर बसून हसली. तिला उठवायला दोघं लागले.

त्याच दुपारी दुकान सुरू केलं, हेडमास्तरांची दाढी करत होतो आणि मागून ठप् आलं. माझा हात आपोआप वर गेला. मग पुन्हा ठप्. हेडमास्तर फेसातून म्हणाले, चालू द्या, तालात आहे. तू संध्याकाळपर्यंत बडवत होतीस, आणि मी तेवढ्या वेळात पाच दाढ्या केल्या, एकालाही ओरखडा नाही.

मला हे डोकं दोन मिनिटांत सारखं करता येईल. करणार नाही. गिऱ्हाइकं परत यायला लागलीयत, आधी बघायला येतात आणि आलोच आहोत म्हणून बसतात. एक पोरगं म्हणालं, मला पण पायऱ्या पाहिजेत.

मामा


३१ मे

मामा,

नाव दिलं. शेवटच्या दिवशी, कोचबाईंच्या डोळ्यांत बघून. त्यांनी विचारलं, खांदा? मी म्हटलं, कपाट ठेवा.

शीळ घालत होते हे मला खरंच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की एक गोष्ट मी अत्यंत वाईट करतेय, सगळे बघतायत, आणि माझा हात थरथरत नाहीये. वर्षभरात असं झालं नव्हतं. येताना गाडीत त्याचाच विचार करत होते. मग तुझी मान आठवली आणि इतकी हसले की शेजारच्या बाईंना खिडकीकडे सरकावं लागलं.

आता पैज नाही ना लावलीस? शपथेवर सांग.

भिंगरी


१८ जून

भिंगरे,

पैज नव्हती, म्हणून तर तुझे सामने चालू असताना एकाच कात्रीला धार लावत बसलो होतो. पैज असली की माणसाला काहीतरी धरायला असतं.

तू पहिला सामना जिंकलीस तेव्हा शिंप्याने आनंदाच्या भरात माझं पावडरचं डबडं स्वतःवरच उडवलं. मग मला म्हणाला, पोरगी संपली असं मी बोललो ते चुकलं. मी म्हटलं, चहा घे. दुसरा जिंकलीस तेव्हा हेडमास्तर खुर्चीवर उभे राहिले, ती पायाने खाली जाणारी खुर्ची आहे हे विसरून. बरे आहेत.

पण कालचं मला कळलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. त्या सोळा वर्षांच्या पोरीशी तू पहिला सेट हरलीस. मग बाजू बदलताना बाकावर बसलीस आणि टॉवेल डोक्यावरून ओढून घेतलास. चेहरा दिसेना, खांदे नुसते हलत होते. टीव्हीवरचा माणूस गंभीर आवाजात म्हणाला, गतविजेतीला अश्रू आवरत नाहीयेत. मामी पदराने डोळे पुसायला लागली, हेडमास्तरांनी चष्मा काढला, शिंप्याने जाऊन दुकानाचं दार ओढून घेतलं. मी म्हणालो, ती रडत नाहीये. सगळे म्हणाले, मग काय करतेय?

त्यानंतर तू दुसरा सेट जिंकलीस आणि तिसरा थोडक्यात हरलीस, ते सगळं बघितलं. इतकं चांगलं खेळताना मी तुला कधी बघितलं नव्हतं. दुकानात टाळ्या वाजल्या, हरल्यावर वाजल्या. पण मामी अजून जेवलेली नाही, त्या टॉवेलचंच घेऊन बसलीय. खरं काय ते लिही. रडली असलीस तरी चालेल.

मामा


२३ जून

मामा,

मामीला आधी ताट वाढ. मग वाच.

रडत नव्हते. झालं असं की पहिला सेट हरल्यावर बाकावर बसले आणि समोर तो मोठा पडदा, आणि त्यावर मी, घराएवढी. नाक एवढं मोठं. जुनी सवय, बघायलाच लागले, हरलेली दिसतेय का, घाबरलेली दिसतेय का. मग तू आठवलास. काम अर्ध्यात आहे, आणि मी आरशात बघतेय. त्या पडद्यावर टाकायला एवढा मोठा टॉवेल मला कोण देणार? म्हणून माझ्याकडे होता तो मी स्वतःच्याच डोक्यावर टाकला.

आत अंधार, गरम, घामाचा वास. बाहेर हजारो लोक. आणि त्या अंधारात मला एकदम तुझी मान दिसली, पायऱ्यांसकट. आणि तो नाहीसा झालेला उजवा कल्ला. मामा, मला इतकं हसू फुटलं की आवरेना. जेवढं आवरायला जावं तेवढं वाढत होतं. पंच वेळ झाली म्हणून ओरडले तरी मी आतच. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं ते हसण्याचं. त्या टीव्हीवाल्याला सांग, आमच्या गल्लीत येऊन बघून जा, मग कळेल.

पुढचं तू बघितलंसच. हरले आणि छान हरले. नेटपाशी आलो तेव्हा ती पोरगी जिंकूनसुद्धा मलाच सॉरी म्हणत होती. गेल्या वर्षीची मीच समोर उभी आहे असं वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, उद्यापासून फोन मोज्यांच्या पिशवीत ठेव. तिला काही कळलं नाही. कळेल तिला.

नंतर पत्रकारांनी विचारलं, किताब गेला, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, भूक लागलीय. हे खरंच होतं. कितीतरी दिवसांनी लागली होती.

पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा आहे, मग आणखी एक. कुठे जिंकेन, कुठे हरेन. हिवाळ्यात मोठी सुट्टी मिळेल तेव्हा घरी येते. भिंतीला सांगून ठेव. शिंप्याला म्हणावं, ओढून घेतलेलं दार उघड, मी संपले नाहीये.

आणि तू केस वाढवून ठेव. मागच्या वेळी कुठे चुकलं ते मला आता कळलंय.

तुझी
भिंगरी